थाळी फिरत असताना

गेनबा आबा कमरेत वाकून राखेची रेघ ओढत होते आणि आम्ही सगळे खेळकरी उभं राहून बघत होतो. भैरोबाच्या जत्रेला देवळामागच्या माळावर दरवर्षी सकाळी हेच चालायचं. रेघ ओढून झाली की आबा हात झटकून सरळ व्हायचे आणि सगळ्यांना एकेक करून निरखून घ्यायचे.

"हितनं हिकडं सर्ज्याचं, हितनं तिकडं माझं," आबा म्हणाले. "रेघंवर पाय पडला तर चालंल. पल्याड पडला तर चालायचं न्हाई. ऐकलं का समद्यांनी?"

"ऐकलं," सगळे म्हणाले. मी सोडून.

"हौसे, तुझ्या तोंडाला काय झालं?"

"काय न्हाई आबा. उघडलं की तुम्हीच म्हणता मिट म्हणून."

लखू नंदीवाला फिसकन हसला. सर्जानं मला कोपरानं ढोसलं, पण त्यालाही हसू आलंच होतं. सर्जा म्हणजे माझा नवरा. तेव्हा मी त्याला 'अवं' म्हणायचे, चारचौघांत 'आमचं मालक' म्हणायचे. आता 'तो' म्हणते. कुणाला राग येत असेल तर येऊ दे.

आबांचा खेळ दोरावरचा. त्यांची नात बायडी दोरावर चालायची आणि आबा खाली ढोल वाजवायचे. आमचा खेळ मातीतला. सर्जा खड्ड्यात उताणा झोपायचा. तोंडावर ओलं फडकं टाकून मी त्याच्यावर डोक्यापासून कमरेपर्यंत माती ओढायचे. फक्त उजवा हात कोपरापासून वर राहायचा. मी हलगी वाजवायचे आणि तो पंजा हलगीच्या ठेक्यावर डुलायचा. लोकांना वाटायचं, काय जादू आहे! जादू कसली, छातीत भरून घेतलेला वारा पुरवून पुरवून वापरायचा, एवढंच. ते आबांनीच त्याला शिकवलं होतं. सर्जाचे आईबाप लहानपणीच गेले, आबांनी पालात घेतलं, दोन घास घातले आणि मातीत झोपायला शिकवलं.

आमचा माळ एवढासा आणि त्यावर पाच-सहा खेळ, त्यामुळे रीत लागायचीच. दुसऱ्याच्या रिंगणात पाय टाकायचा नाही. दुसऱ्याची खुबी लोकांत फोडायची नाही. आणि शेजाऱ्याची पैशांची थाळी लोकांत फिरत असली की आपली हलगी, आपला ढोल पालथा घालून तोंड मिटून बसायचं. थाळी फिरायची वेळ म्हणजे लोकांनी काढता पाय घ्यायची वेळ. तेवढ्यात शेजारी ढोल वाजला की गर्दी तिकडे पळणार आणि एवढा वेळ राबलेल्याच्या हातात रिकामी थाळी. रीत वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही. ती नसती तर आम्ही पहिल्याच दिवशी एकमेकांची डोकी फोडली असती.

तर सकाळचा पहिला खेळ आबांचा लागला. आम्ही आमच्या रेघेच्या आत खड्डा उकरत होतो. बायडी दोराच्या मधोमध आली आणि तिचा पाय सटकला. आता, सटकल्याचं सोंग करणं हा दोरावरच्या खेळातला भागच असतो. लोकांच्या काळजाचा ठोका चुकला की हात खिशात जातो. पण ते सोंग कसं असतं हे आम्हाला ठाऊक होतं. सोंगात पोरगी लोकांकडे बघते. बायडीनं कुणाकडेच बघितलं नाही. तिनं दोराला हात घातला, हात घसरला आणि ती डोक्याकडून खाली आली.

सर्जा कुदळ टाकून कधी धावला मला कळलंही नाही. मी बघितलं तेव्हा तो रेघेपलीकडे होता आणि पोरगी त्याच्या हातांवर होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायडीच्या तळहातांची साल निघाली होती.

आबांनी ढोल थांबवला. मला वाटलं, म्हातारा आता सर्जाला उराशी धरतो.

"तुला कुणी बोलीवलं?" आबा म्हणाले.

"आबा, पोरगी पडली न्हवं."

"पडली न्हाई. खेळ व्हता."

"खेळ न्हवता आबा. म्या तिचं त्वांड बघितलं."

"बायडे," आबांनी नातीला विचारलं, "खेळ व्हता का न्हाई?"

पोरीनं आजोबाकडे बघितलं. तळहात परकराच्या घडीत लपवले. "व्हता," ती म्हणाली.

झालं. आबांनी सगळ्या खेळकऱ्यांना हाक मारली. भर माळावर, जत्रेच्या लोकांसमोर, सर्जाला म्हणाले, "माझ्या रिंगणात माझं माणूस मेलं तरी तुझा पाय नगं. घास नाक रेघंवर."

आणि सर्जानं नाक घासलं. परत आला तेव्हा नाकाच्या शेंड्याला राख लागली होती. मी पदरानं पुसली, जरा जोरातच पुसली.

"पोरगी तुम्ही वाचवली आणि नाक बी तुम्हीच घासायचं? कुठला न्याय म्हणायचा ह्यो?"

"असू दे गं. मोठ्या माणसापुढं वाकलं म्हणून कंबर मोडत न्हाई."

"मोडत न्हाई, पर सवय लागती."

तो हसला. त्याचं हसू फार छान होतं, हे मी आज रागातसुद्धा नाकारणार नाही. आणि धावून जाणं तर त्याच्या अंगातच होतं. कुणाची गाडी चिखलात रुतू दे, कुणाचं म्हातारं ओढ्यात घसरू दे, हा आपला पुढं. मी त्याच्याशी लग्न केलं ते त्याच्या मातीतल्या खेळावर भुलून नाही, ह्या धावण्यावर भुलून. माझा भाऊ म्हणायचा, हा स्वतःचं घर जळत ठेवून दुसऱ्याचं विझवायला जाईल. मी म्हणायचे, जाऊ दे, मी आहे ना आपलं विझवायला.

दुपारी उन्हं जरा कलल्यावर आमची पाळी आली. गर्दी दाट होती. सर्जा खड्ड्यात झोपला, मी फडकं टाकलं, माती ओढली, हलगी घेतली. पंजा झकास डुलत होता. मग ठरल्याप्रमाणे तो हळूहळू मंद झाला आणि मनगटातून खाली लोंबला. हे आमचं सोंग. लोकांनी 'च्च, च्च' केलं. मी हलगी टाकली, कपाळ बडवलं आणि थाळी उचलली.

"दादा, बाबा, मायबाप! माझं कुंकू तुमच्या हातात हाय! कुणीतरी वाचवा वो माझ्या धन्याला!"

हे शब्द मी प्रत्येक खेळात म्हणायचे. आवाज कुठे चढवायचा, कुठे फाटवायचा, सगळं बसलेलं होतं.

पंजा लोंबला म्हणजे सोंग. पंजा उघडा म्हणजे सगळं ठीक. पण मूठ वळली तर तो खेळ नव्हे. मूठ म्हणजे वारा संपला, ताबडतोब काढ. ही खूण जत्रेतल्या लोकांना ठाऊक नव्हती. माळावरच्या प्रत्येक खेळकऱ्याला ठाऊक होती. म्हणून मी थाळी फिरवताना चार पावलं टाकली की मागं वळून पंजा बघायचे.

त्या दिवशी फेरीच्या मध्यावर एका पांढऱ्या टोपीवाल्यानं थाळीची कड धरली. आसपासच्या गावातला कुणी बागायतदार असावा, तोंडाला दारूचा वास येत होता.

"आधी दाखव. मेलाय का जिता हाय?"

"सोडा दादा. थाळी सोडा."

"दाखव म्हंतो न्हवं! न्हाईतर समदं खोटं!" त्यानं थाळी सोडून माझं मनगट धरलं. लोक खो खो हसायला लागले. मी मागं वळायला बघत होते आणि तो मला ओढत होता. माझ्या आणि खड्ड्याच्या मध्ये पोरंटोरं घुसली होती. मग एकाएकी टाळ्या पडल्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळे खड्ड्याकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, "अरं बघ, बघ! मूठ कशी आवळली भाद्दरानं!"

मी टोपीवाल्याच्या हाताला कडकडून चावले आणि धावले. मी पोचले तेव्हा ती मूठ सुटत होती. बोटं आपोआप उघडत होती, आणि त्यांत काही ठेका नव्हता.

मी दोन्ही हातांनी माती उपसायला लागले. "अवं कुणीतरी या वो! माझ्या धन्याला वाचवा!" मी ओरडले. तेच शब्द. दुसरे शब्द सुचतात कुठे अशा वेळी? लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी म्हणालं, "काय रडती बाई! अस्सल!"

लोकांना मी दोष देत नाही. पण उजव्या हाताला, राखेच्या रेघेपलीकडे, गेनबा आबा बसले होते. मांडीसमोर ढोल पालथा घातलेला. त्यांच्या पलीकडे इतर दोघं-तिघं, आपापली वाद्यं पालथी घालून. लखू नंदीवाला अर्धवट उठला. त्यानं आबांकडे बघितलं. मग परत खाली बसला. मी हे सगळं माती उपसता उपसता बघितलं. उपसायचं सोडून बघत बसले नव्हते, पण दिसलं ते दिसलं.

सर्जाचं तोंड मोकळं झालं तेव्हा ते निळं पडलं होतं. फडकं सरकून नाकात, घशात माती गेली होती. मी त्याच्या तोंडात बोटं घालून माती काढली, त्याला पालथा केला, पाठीवर बुक्क्या मारल्या. किती मारल्या देव जाणे. शेवटी तो एकदा उचकला, मग ओकला, मग श्वास आला. लोकांनी इतक्या टाळ्या आमच्या खेळाला कधीच वाजवल्या नव्हत्या. आमच्या अंगावर नाणी पडत होती. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ढसाढसा रडले. तो जिता होता.

आणि शेजारी ढोल वाजला.

आमचा खेळ संपला होता, आबांची पाळी आली होती. गर्दी तिकडे वळली. बायडी हातांना चिंध्या बांधून दोरावर चढत होती. मी सर्जाला चिंचेखाली सावलीत ओढत नेलं, अंगावर घोंगडं टाकलं, तांब्यातलं पाणी पाजलं आणि रेघेपाशी जाऊन उभी राहिले. पाय अजून अल्याडच होते.

"आबा, तुमास्नी दिसलं न्हाई का?"

आबांनी ढोल थांबवला नाही. "दिसलं."

"काय दिसलं?"

"मूठ वळली तवाच दिसली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ढोलाच्या आवाजात माणूस चुकीचं ऐकतो. म्हणून परत विचारलं, "मूठ वळल्याली दिसली, मग हाक का न्हाई मारली?"

"तुझी थाळी फिरत व्हती," आबा म्हणाले. "तुझ्या थाळीत मी कसा आवाज करू? आन पाय टाकायचा तर रेघ हाय. सकाळीच तुझ्या नवऱ्याला सांगितलं न्हाई का? मीच मोडली तर उद्या कुणाला सांगू?"

त्यांच्या आवाजात सूड असता तर मी सोसला असता. सकाळचा राग काढला म्हातारड्यानं, असं म्हणून मी त्यांना जन्मभर शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण तसं काहीच नव्हतं. पोरांना धडा समजावून सांगावा तसं त्यांनी मला सांगितलं. स्वतःच्या हातानं वाढवलेला माणूस मातीखाली गुदमरताना बघत ते शांत बसले होते, आणि त्यांना वाटत होतं की आपण चांगलं वागलो.

मी रेघ ओलांडली. बायडी अजून दोर बांधलेल्या काठीलाच धरून होती, दोरावर आली नव्हती, तेवढं मी बघून घेतलं. ढोल त्यांच्या पुढ्यातून ओढून फेकला आणि त्यांच्या थोबाडीत दिली. पटका उडून पडला. लोकांना वाटलं हाही खेळच. पोट धरधरून हसले सगळे.

दिवस मावळायच्या आत माळावर बैठक बसली. खेळकरी गोल करून बसले. आबांनी पटका परत बांधला होता. त्यांच्या वतीनं लखू बोलला.

"हौसाबाई, तू रिंगणात पाय टाकला. थोरल्या माणसावर हात उचलला. आबांनी रीत पाळली."

"रीत कुणासाठी रं लखू? माणूस मरत व्हता तितं!"

"मेला न्हाई न्हवं?" आबा पहिल्यांदा बोलले.

"मेला न्हाई ते माझ्या नखांमुळं!" मी हात पुढे केले. सगळी नखं तुटली होती. "तू उठला व्हतास लखू. म्या बघितलं. का बसलास परत?"

लखूनं मान खाली घातली. "सकाळी सर्ज्याचं काय झालं ते समद्यांनीच बघितलं," तो हळूच म्हणाला.

बैठकीनं ठरवलं की मी आबांची माफी मागायची. नाहीतर आम्हा दोघांना ह्या माळावर आणि पुढच्या सगळ्या जत्रांत जागा बंद. जागा बंद म्हणजे चूल बंद, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"म्या माफी मागणार न्हाई," मी म्हणाले.

मग सगळ्यांनी सर्जाकडे बघितलं. तो घोंगड्यात गुरफटून माझ्याशेजारी बसला होता. डोळे लाल, कानात माती तशीच. दुपारपासून त्याच्या घशातून शब्द फुटला नव्हता. मला वाटलं, तो बोलणार नाही, नुसता उठेल आणि माझा हात धरून चालायला लागेल. मला तेवढं पुरलं असतं. उपाशी मेलो असतो तरी पुरलं असतं. तो उठायला लागला तेव्हा मी त्याला आधार दिला. त्यानं माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि आबांपुढे जाऊन हात जोडले.

"आबा," त्याचा आवाज फाटलेला होता, मध्ये खोकला येत होता. "तिचं चुकलं. बाईमाणूस हाय, तिला रीत कळत न्हाई. पोटात घाला. तिच्या वाटचं नाक म्या घासतो."

आणि घासलं. दिवसभर लोकांच्या पायांनी रेघ जवळजवळ पुसली होती, तरी त्यानं ती शोधून काढून घासलं. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. बैठक उठली. सगळ्यांना हायसं वाटलं.

पालात आल्यावर मी चूल पेटवली. भाकरीचं पीठ काढलं, पण मळलं नाही. तो दाराशी बसून खोकत होता.

"खरं सांगा," मी म्हणाले. "आबांनी बरोबर केलं?"

"रीत पाळली त्यांनी, हौसे."

"मूठ बघून?"

"म्या सकाळी चुकलो. उद्या कुणी बी कुणाच्या बी रिंगणात शिरंल, मग ऱ्हायलं काय आपल्यात?"

"बरं. आता माझं ऐका. तुम्ही रेघंच्या पल्याड ढोल पालथा घालून बसलाय. अल्याड म्या मातीत हाय. माझी थाळी दुसरं कुणीतरी फिरवतंय, त्याचं ध्यान न्हाई. माझी मूठ वळली आन ती तुमास्नी दिसली. काय कराल?"

तो खाली जमिनीकडे बघत राहिला. सर्जा कधी खोटं बोलायचा नाही. मनात नसलेलं गोड बोलून बायकोची समजूत काढणं त्याला येतच नव्हतं. तो खरोखर विचार करत होता.

मी वाट बघितली. चुलीतली काटकी जळून राख झाली तोवर बघितली. मग माझी लुगडी एका गाठोड्यात बांधली, हलगी त्याच्याजवळ ठेवली आणि भावाच्या गावाचा रस्ता धरला. मागून हाक आली नाही. अजून विचारच करत असेल.